सोबतिणीसाठी केलेली प्रार्थना

मॉर्मन या अमेरिकेत उगम पावलेल्या ख्रिस्ती पंथाचा मिशनरी, म्हणजे दारोदार फिरणारा प्रचारक, कधी एकटा नसतो. हा नियम अक्षरशः पाळायचा असतो. जोडीतल्या दुसऱ्याच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात राहायचं, न्हाणीघर एवढाच अपवाद. सकाळी साडेसहाला उठणं, अभ्यास, जेवण, सायकलवरची रपेट, अनोळखी दारावरची थाप, रात्री साडेदहाला दिवे मालवणं, सगळं दोघांनी मिळून. सोबत कोणाची हे स्वतः ठरवता येत नाही. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात आणि कालपर्यंत नावही ठाऊक नसलेल्या माणसाबरोबर नवी खोली, नवा रस्ता सुरू होतो.

२०२४ सालचा 'हेरेटिक' भयपट म्हणून विकला गेला, ह्यू ग्रँटच्या अभिनयासाठी गाजला आणि धर्मावरच्या वादविवादाचा चित्रपट म्हणून त्यावर भरपूर लिहिलं गेलं. मला मात्र त्याचा गाभा या जोडीच्या नियमात दिसतो. तो नियम समजून घेतला की चित्रपटातल्या कितीतरी गोष्टी उलगडतात. पुढे कथेचा शेवटही सांगावा लागणार आहे, तेव्हा ज्यांना कोरी पाटी घेऊन चित्रपट पाहायचा असेल त्यांनी आधी तो पाहून घ्यावा.

कथा एका दिवसाची आणि एका घराची. सिस्टर बार्न्स (सोफी थॅचर) आणि सिस्टर पॅक्स्टन (क्लोई ईस्ट) या दोन तरुण मिशनरी रीड (ह्यू ग्रँट) नावाच्या माणसाकडे येतात. त्याने स्वतःहून चर्चबद्दल माहिती मागितलेली असते. पाऊस, डोंगरउतारावरचं घर, फाटकाशी कुलूप लावून ठेवलेल्या सायकली. रीड हसतमुख, जरा अघळपघळ, भरपूर वाचन असलेला. पाऊण तासात त्या दोघींच्या लक्षात येतं की दार आतून उघडत नाही.

स्कॉट बेक आणि ब्रायन वूड्स या लेखक-दिग्दर्शक जोडीने मिशनरी जीवनाचे तपशील काळजीपूर्वक गोळा केले आहेत. थॅचर आणि ईस्ट दोघींचंही बालपण मॉर्मन घरांत गेलेलं आहे आणि ते त्यांच्या बोलण्याच्या लयीत जाणवतं. मिशनरी मुली फार उत्साहाने, फार सभ्यपणे आणि फार सावधपणे बोलतात. शंका आली तरी आवाजात येऊ द्यायची नाही, हे शिकवलेलं असतं. पॅक्स्टनच्या हसण्यात ते सगळं आहे.

हे प्रशिक्षण कसं असतं ते थोडं सांगायला हवं. मुलगे अठराव्या वर्षापासून मिशनवर जाऊ शकतात. मुलींसाठी चित्रपट आला तेव्हा वयाची अट एकोणीस होती, आणि २०१२ पर्यंत तर एकवीस. मुलांचं मिशन २४ महिन्यांचं, मुलींचं १८ महिन्यांचं. पगार नाही. उलट अमेरिकेतल्या मिशनरीने किंवा त्याच्या घरच्यांनी महिन्याला ५०० डॉलर भरायचे असतात. जुलै २०२० पूर्वी ते ४०० होते. ही रक्कम सगळ्यांना सारखीच, मग वाट्याला महागडं शहर येवो की स्वस्त. नेमणूक कुठे होईल हे चर्च ठरवतं. युटामधल्या प्रोव्होसारख्या केंद्रात तयारी होते. नवी भाषा शिकायची नसेल तर दोन-तीन आठवडे, शिकायची असेल तर सहा ते नऊ. त्यानंतर छातीवर काळी पट्टी, पट्टीवर आडनाव आणि चर्चचं नाव. पहिलं नाव दीड-दोन वर्षं मागे पडतं. घरी फोन करायला पूर्वी वर्षातून दोनदाच परवानगी होती, नाताळला आणि मातृदिनाला. फेब्रुवारी २०१९ पासून आठवड्यातून एकदा करता येतो.

आठवड्यातून एकदा जोडीने समोरासमोर बसून एकमेकांविषयी बोलायचं असतं. सोबत्यात काय चांगलं दिसलं, कुठे खटकलं, पुढच्या आठवड्यात काय सुधारायचं. शेवटी एकत्र प्रार्थना. न निवडलेल्या माणसाबरोबर चोवीस तास राहण्यातून जे घर्षण होतं, त्यावरचा हा उपाय. मला हा भाग सगळ्या मिशनव्यवस्थेतला सर्वांत शहाणा वाटतो. दाराबाहेर जे शिकवायचं ते पाठ करता येतं. सोबतीणीकडे लक्ष देणं पाठ करता येत नाही, रोज करावं लागतं.

घरात शिरण्याचाही नियम आहे. परपुरुषाच्या घरी मिशनरी मुली आत जात नाहीत, तिथे आणखी एखादी बाई हजर असेल तरच जातात. चित्रपटात दोघी तो नियम उच्चारून दाखवतात आणि रीड तयारच असतो: बायको आत 'ब्लूबेरी पाय' नावाचा फळांचा गोड पदार्थ भाजते आहे, जरा बुजरी आहे, येईलच. वास तर येतोच आहे. इथे नियम मोडतो तो हलगर्जीपणामुळे नाही. बाहेर वादळ, समोर सभ्य म्हातारा, आणि अनेक दिवसांनी कोणीतरी आपणहून प्रश्न विचारतंय. नियम जिथे मोडायचे तिथेच मोडतात, भिडेपोटी. त्या दोघी ओले कोट काढून देतात आणि सायकलच्या कुलपाची किल्ली कोटाच्या खिशातच राहते. भिंतींत आणि छतात धातू आहे असं रीड गप्पांच्या ओघात सांगतो, आणि फोनला रेंज नसण्याचं कारण आपल्याला आधीच मिळालेलं असतं. बार्न्स टेबलावरची मेणबत्ती हळूच फिरवते. तिच्यावर लिहिलेलं असतं की ती ब्लूबेरी पायच्या वासाची आहे. बायको नाही, पाय नाही. किंकाळी नाही, संगीताचा दणका नाही, फक्त एक मुलगी एक वस्तू फिरवून वाचते. छायाचित्रणकार चुंग चुंग-हून कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ ठेवतो आणि आपण तिच्याबरोबर वाचतो.

मग रीडचं व्याख्यान. 'मोनोपॉली' या जागा विकत घेण्याच्या खेळाचा पट, त्याच्या आधीचा 'लँडलॉर्ड्स गेम', हॉलीज या बँडचं १९७४ सालचं गाणं, त्याच्या चालीशी जुळणारं रेडिओहेड बँडचं गाणं, मग लाना डेल रे या गायिकेचं. मुद्दा असा की यहुदी धर्म मूळ, ख्रिस्ती त्याची आवृत्ती, इस्लाम पुढची, मॉर्मन त्याच्याही पुढची. प्रत्येक जण जुनाच माल नव्या वेष्टनात विकतो. पहिल्यांदा ऐकताना हे बिनतोड वाटतं. ग्रँट ते इतक्या रंगून सांगतो की मान डोलावी.

पण त्याचीच उदाहरणं जरा पुढे नेऊन पाहावीत. 'लँडलॉर्ड्स गेम' एलिझाबेथ मॅगी या बाईंनी बनवला, १९०४ साली त्याचं पेटंट घेतलं. त्या हेन्री जॉर्ज या अमेरिकन अर्थचिंतकाच्या विचारांच्या. जमिनीची मालकी थोड्यांच्या हाती एकवटली की बाकीचे कसे भिकेला लागतात हे खेळातून दाखवणं हा त्यांचा हेतू. नियमांचे दोन संच होते. एकात संपत्ती वाढली की सगळ्यांचा फायदा, दुसऱ्यात एकाचा विजय आणि इतरांचं दिवाळं. पुढे तो पट हातोहात फिरला, अटलांटिक सिटीतल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी आपल्या गावच्या रस्त्यांची नावं त्यात घातली आणि १९३५ साली पार्कर ब्रदर्स कंपनीने चार्ल्स डॅरो नावाच्या माणसाला निर्माता ठरवून 'मोनोपॉली' बाजारात आणला. मॅगींना पेटंटचे ५०० डॉलर मिळाले. त्यांच्यावर अन्याय झाला यात शंका नाही. पण पटाचा अर्थ पार उलटा झाला, हेही खरं. जमीनदारीविरुद्ध बनवलेल्या खेळात लोक जमीनदार व्हायला बसले. आपल्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबई-दिल्ली विकत घेत खेळला जाणारा 'व्यापार' हा त्याच घराण्यातला, आणि त्यावर भांडणाऱ्या भावंडांना मॅगीबाईंशी काही देणंघेणं नसतं. आकार तोच राहून आशय बदलतो. रीड आकार मोजतो आणि आशय सोडून देतो.

गाण्याचंही तसंच. हॉलीजचं जे गाणं मूळ मानून तो तबकडी लावतो, ते अल्बर्ट हॅमंड आणि माइक हेझलवूड यांनी लिहिलेलं. हॅमंडने ते १९७२ सालीच गायलं होतं, हॉलीजच्या आधी फिल एव्हर्लीनेही गायलं. म्हणजे रीडचं मूळ हीसुद्धा कोणाची तरी आवृत्तीच आहे. मुळाच्या शोधात निघालेल्याला खाली खाली जात राहावं लागतं, आणि चित्रपटाने या माणसाचं घर असंच बांधलं आहे: खोलीखाली खोली, तळघराखाली तळघर.

बार्न्स त्याला तिथल्या तिथे उत्तर देते. मुलगी घाबरलेली आहे, पण विचार करायची थांबलेली नाही. मूळ असूनही यहुदी संख्येने थोडेच, या रीडच्या मुद्द्यावर ती म्हणते की यामागे शतकानुशतकांचा छळ आहे आणि तो या मांडणीत कुठेच नाही. येशूशी जुळणाऱ्या जुन्या देवांची यादी वाचताना रीड साम्यं तेवढी वेचतो आणि फरक गाळतो. होरस या प्राचीन इजिप्तच्या देवाचं डोकं तर पक्ष्याचं होतं. हे बरोबरच आहे. कुमारिकेच्या पोटी जन्म, पंचवीस डिसेंबर, बारा शिष्य अशा ज्या याद्या इंटरनेटवर फिरतात, त्यांतल्या बऱ्याच गोष्टींना त्या देवांच्या मूळ साहित्यात आधार सापडत नाही. होरसची आई इसिस विधवा होती, कुमारिका नव्हे.

एका मुद्द्यावर मात्र रीडचा वार वर्मी बसतो, आणि चित्रपट तो मान्य करतो. बहुपत्नीत्व. मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याने १८४३ साली त्याविषयीचा साक्षात्कार लिहून घेतला. त्याआधीपासूनच त्याचे असे संबंध होते. १८५२ मध्ये ही प्रथा जाहीरपणे मान्य झाली आणि १८९० मध्ये सरकारी दबावाखाली चर्चने ती मागे घेतली. चर्चने स्वतः २०१४ मध्ये या इतिहासावर खुलेपणाने लिहिलं. घरोघर जाणाऱ्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला हा प्रश्न कधी ना कधी येतोच. पाठ केलेलं उत्तर तोकडं पडतं, आणि दोघींच्या चेहऱ्यावर ते दिसतं.

पुढे दोन दारं. एकावर रीड लिहितो 'विश्वास', दुसऱ्यावर 'अविश्वास'. पुढचं दार सकाळपर्यंत उघडणार नाही, तेव्हा यांतलं एक निवडा. दोन्ही दारं एकाच तळघरात उतरतात. रीडला वाटतं की श्रद्धा म्हणजे एक विधान, ते खरं की खोटं हे ठरवायचं, आणि ठरवणारा तो. गंमत नव्हे, गंभीर गोष्ट अशी की मॉर्मन शिकवणीतही श्रद्धेची जवळपास हीच मांडणी आहे. पहिल्याच धड्यात मिशनरी सांगतात: बुक ऑफ मॉर्मन हा आमचा धर्मग्रंथ वाचा, मग खरं आहे का ते देवाला मनापासून विचारा, उत्तर मिळेल. त्या ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणातलं हे वचन जगभरच्या दारांवर रोज वाचलं जातं. प्रयोग करून पाहा, पुरावा हाती येईल. रीड या मुलींच्याच पद्धतीने त्यांना घेरतो. तळघरात तो एका बाईला पुढे आणतो, तिला विषारी ब्लूबेरी पाय खायला लावतो आणि ती मरून परत येईल, मग तुम्हीच ठरवा, असं सांगतो.

हा 'चमत्कार' म्हणजे साधी हातचलाखी. त्यात एक नव्हे, दोन बायका असतात. लक्ष दुसरीकडे वेधलं की प्रेत जमिनीतल्या झडपेतून खाली आणि जिवंत बाई त्याच्या जागी. तो फसतो कसा, हे तपशिलात पाहण्यासारखं आहे. उठलेली बाई ठरलेलं बोलता बोलता पढवलेलं नसलेलं एक वाक्य बोलून जाते: हे खरं नाही. रीडचा डाव विस्कटतो. घाईत तो बार्न्सचा गळा चिरतो आणि तिच्या दंडातून एक बारीक कांडी काढून दाखवतो, की ही चिप, आपण सगळे बनावट जगात आहोत. इथे पॅक्स्टन, जिला आतापर्यंत आपण भोळी समजत आलो, ओळखते की ती संततिनियमनाची कांडी आहे. अशी कांडी सुमारे चार सेंटिमीटर लांब, दोन मिलिमीटर जाड असते, दंडाच्या आतल्या बाजूला कातडीखाली बसवतात. अविवाहित मॉर्मन मुलीच्या दंडात ती असणं म्हणजे सोबतिणीने तिच्यापासून लपवलेलं एक आयुष्य. मिशनच्या शिस्तीत ही मोठी गोष्ट. पॅक्स्टन क्षणभरही तिचा न्याय करत बसत नाही. ती तेवढ्याच वेळात हेही जोडते की कांडीची गोष्ट ऐनवेळी सुचलेली आहे, म्हणजे बाईचं वाक्य डावात नव्हतं, म्हणजे बाया बदलल्या, म्हणजे खाली वाट आहे.

पॅक्स्टनला हे जमतं कारण ती बघत आलेली असते. बार्न्स कशाकडे बघते, कुठे थांबते, कोणत्या शब्दाला दचकते. दोघींनी ठरवलेला सांकेतिक शब्दही तसाच आलेला. सुरुवातीला रस्त्यात काही मुली पॅक्स्टनचा स्कर्ट ओढून तिच्या 'जादूच्या अंतर्वस्त्रा'ची टर उडवतात. हे वस्त्र मंदिरातल्या विधीनंतर अंगावर घ्यायचं, देवाशी केलेल्या करारांची खूण म्हणून. मॉर्मन माणसाला त्यावरची थट्टा खोल लागते. तोच टवाळीचा शब्द दोघी हल्ल्याचा इशारा म्हणून ठरवतात, आणि बार्न्स कोसळल्यावर पॅक्स्टन तो एकटीने उच्चारते आणि पत्र फोडण्याची सुरी रीडच्या मानेत खुपसते.

मिशनमध्ये यश बाप्तिस्म्यांच्या संख्येवर मोजलं जाण्याचा धोका कायम असतो. बार्न्सच्या नावावर बाप्तिस्मे आहेत, पॅक्स्टनच्या नावावर एकही नाही आणि ते तिला बोचतं. २०२४ अखेर जगभरात सुमारे ७४ हजार पूर्णवेळ मिशनरी होते आणि त्या वर्षी सुमारे ३ लाख ८ हजार नवे लोक चर्चमध्ये आले. भागाकार केला तर एका मिशनरीमागे वर्षाला चार, पण प्रदेशाप्रदेशांत फार मोठी तफावत आहे. मराठी मुलखाशीही या बंद दारांचा जुना संबंध आहे. १८५१ साली ह्यू फिंडले हा मॉर्मन प्रचारक मुंबईत उतरला, तिथून पुण्याला गेला, मराठी शिकला आणि पुण्यात एक छोटीशी शाखा उभी राहिली. पुढच्या वर्षी सॉल्ट लेक सिटीतून आणखी माणसं भारताकडे नेमली गेली. काही वर्षांतच ती मोहीम ओसरली. युरोपियनांनी दारं लावली, भारतीय लोकांना गरज वाटली नाही. संख्येच्या हिशेबात हे अपयशच. पण परक्या गावात, परक्या भाषेत टिकून राहायला माणसाला संख्येपलीकडचं काहीतरी लागत असणार, आणि पॅक्स्टनच्या बाबतीत चित्रपट ते शोधतो.

ते सापडतं शेवटच्या प्रार्थनेत. पोटात सुरीचा वार, समोर रक्तबंबाळ रीड सरपटत जवळ येतोय. पॅक्स्टन हात जोडते आणि प्रार्थनेवरच्या एका प्रयोगाविषयी बोलू लागते. प्रयोग खरा आहे. अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवर तो झाला. खर्चाचा मोठा भार टेंपलटन फाउंडेशनने उचलला आणि निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांचे तीन गट केले. पहिल्या दोन गटांना सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही. त्यांतल्या एका गटासाठी झाली, दुसऱ्यासाठी नाही. तिसऱ्या गटाला खात्रीने सांगून प्रार्थना केली. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली ती पहिल्या गटात ५२ टक्के, दुसऱ्यात ५१ टक्के. फरक नाहीच. आणि प्रार्थना होते आहे हे ज्यांना माहीत होतं त्यांच्यात ५९ टक्के. प्रार्थनेच्या बाजूने एकही आकडा नाही.

पॅक्स्टन हे मान्य करते. उपयोग होत नसेलही, असं म्हणते. तरी लोक एकमेकांसाठी प्रार्थना करतात, स्वतःखेरीज दुसऱ्या कुणाचा तरी विचार करतात, आणि हे तिला सुंदर वाटतं. मग ती रीडसाठीसुद्धा प्रार्थना करते. दारं दोनच आहेत असं सांगणाऱ्या माणसापुढे हे तिसरं उत्तर आहे. पुरावा मागणारं वचन घेऊन ती या घरात शिरली होती. आता ती ज्यावर उभी आहे त्याला पुरावा लागत नाही, कारण ते विधान नाही, कृती आहे. अठरा महिन्यांच्या शिस्तीतून, साप्ताहिक बोलण्यातून, नजरेच्या टप्प्यात राहण्याच्या नियमातून घडत आलेली कृती. तेवढ्यात मेलेली वाटणारी बार्न्स खिळे असलेल्या फळीने रीडला मारते आणि स्वतः संपते. हा देवाचा हस्तक्षेप, की उरलेल्या जिवाचा शेवटचा जोर? दिग्दर्शकांनी ते उघडं ठेवलं आणि योग्य केलं. बाहेर बर्फात पॅक्स्टनच्या हातावर फुलपाखरू बसतं आणि पुढच्या क्षणी नसतं. त्या दृश्यावर वाद घालणारे पुन्हा रीडची दोन दारंच उघडतात असं मला वाटतं.

चित्रपट आल्यावर चर्चने नापसंती व्यक्त केली. श्रद्धेमुळे बायकांवर होणारी हिंसा कथेतून पुढे आणणं समाजाच्या सुरक्षिततेला बाधक आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्यांच्या मुली आज खरोखर कुणाच्या तरी दारात उभ्या आहेत, त्यांची ही काळजी मला रास्त वाटते. तरीही मॉर्मन मुलींच्या बुद्धीला इतक्या गांभीर्याने घेणारा मोठा चित्रपट याआधी मी पाहिलेला नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. उत्तरार्धात घर नेहमीच्या भयपटाचं होतं, रीडचा शेवटचा सिद्धांत, की एकमेव खरा धर्म म्हणजे ताबा, त्याच्या आधीच्या मांडणीपेक्षा फार तोकडा वाटतो. आणि तळाच्या खोलीत पॅक्स्टनला पिंजऱ्यांत कोंडलेल्या, हाडांचा सापळा झालेल्या बायका दिसतात. त्यांतलीच एक जीव धोक्यात घालून ते वाक्य बोलून गेली होती. पॅक्स्टन झरोक्यातून बाहेर पडते, चित्रपट तिच्याबरोबर बाहेर पडतो आणि पिंजऱ्यांकडे कॅमेरा पुन्हा वळत नाही. त्या सुटल्या का, कुणी त्यांच्यासाठी परत आलं का, एका वाक्यानेही सांगितलेलं नाही. दुसऱ्याचा विचार करण्यावर ज्याने आपला सगळा भार टाकला, त्या चित्रपटाकडून ही चूक मला अजून पटलेली नाही.